कच्चे एक्सएमएल वेब पानावर वाचता येईल असे कसे मांडावे

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी शेतकरी उत्पादक कंपनीचे, पतसंस्थेचे किंवा सेवा केंद्राचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याच्या हाती कधी ना कधी एक्सएमएल फाईल येतेच. टॅलीतून बाहेर काढलेले व्हाउचर एक्सएमएलमध्ये मिळते. गुगल अर्थवर आखलेल्या शेताच्या सीमा ज्या केएमएल फाईलमध्ये जतन होतात ती एक्सएमएलच असते. अतिवृष्टीचे आणि वीज पडण्याचे इशारे ज्या कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलने एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे जातात, त्याची घडणही एक्सएमएलचीच आहे. अशी फाईल जशीच्या तशी वेब पानावर दाखवावी, म्हणजे लेखापरीक्षकाला, संचालकांना किंवा दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला ती डोळ्यांनी तपासता येईल, एवढीच साधी अपेक्षा असते. मात्र फाईलमधला मजकूर उचलून पानात चिकटवला की निम्मा मजकूर दिसेनासा होतो आणि उरलेला एका ओळीत गोळा होतो. असे का होते आणि त्यावर नेमके काय करावे, हे येथे क्रमाने पाहू.

एक्सएमएल म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेली, स्वतःची ओळख स्वतः सांगणारी माहिती. गोदामातल्या प्रत्येक पोत्यावर आत काय आहे याची चिठ्ठी लावलेली असावी, तसा यातल्या प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर एकेक टॅग, म्हणजे कोनी कंसात लिहिलेले नाव, असतो. जगभरातील वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून जाहीर केली. टॅगांची नावे ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे ठरवावीत, हे तिचे मुख्य तत्त्व आहे, आणि ती नावे देवनागरीतही ठेवता येतात. त्यामुळे पुढचा नमुना निव्वळ वाचकांच्या सोयीसाठी केलेला अनुवाद नाही, तो नियमात बसणारा खरा एक्सएमएल मजकूर आहे. त्यातले आकडे मात्र उदाहरणापुरते आहेत.

<बाजारभाव>
  <नोंद>
    <शेतमाल>तूर</शेतमाल>
    <आवक एकक="क्विंटल">120</आवक>
    <किमानदर>6500</किमानदर>
    <कमालदर>7100</कमालदर>
    <सर्वसाधारणदर>6900</सर्वसाधारणदर>
  </नोंद>
</बाजारभाव>

हीच टॅगांची नावे रोमन लिपीत असती, जशी ती प्रत्यक्षातल्या बहुतेक फाइलींत असतात, आणि हा मजकूर पानात तसाच टाकला असता, तर ब्राउझरने एवढेच दाखवले असते:

तूर 120 6500 7100 6900

यातला किमान दर कोणता आणि सर्वसाधारण दर कोणता हे आता कळायला मार्ग नाही. आवक क्विंटलमध्ये होती ही माहिती तर पूर्णच गेली, कारण ती टॅगच्या आतच, त्याचा गुणधर्म म्हणून, लिहिलेली होती. आकडे दिसत असल्यामुळे पान बरोबर आहे असे वाटते, म्हणून ही चूक रिकाम्या पानापेक्षा जास्त घातक आहे, असे मला वाटते.

ब्राउझर टॅग का गिळतो

वेब पान ज्या एचटीएमएलमध्ये लिहिलेले असते, त्यातही टॅग कोनी कंसातच लिहितात. ब्राउझरला कोनी कंस उघडताना दिसला आणि त्याला लागूनच रोमन अक्षर आले, की पुढचा मजकूर ही दाखवायची गोष्ट नसून आपल्याला दिलेली सूचना आहे, असे तो धरून चालतो. सूचना ओळखीची नसली तरी तो तक्रार करत नाही. टॅग बाजूला ठेवतो आणि आतला मजकूर तेवढा मांडतो. ओळींचे तुकडे आणि आत सरकवण्यासाठी दिलेल्या मोकळ्या जागा तो एकेका रिकाम्या जागेत मिटवून टाकतो, म्हणून सगळे एका रांगेत येते.

टॅगचे नाव एचटीएमएलमधल्या एखाद्या नावाशी जुळले, तर गोंधळ आणखी वाढतो. बातम्यांची यादी देणाऱ्या आरएसएस या एक्सएमएल फाईलमध्ये ‘टायटल’ नावाचा टॅग असतो. एचटीएमएलमध्ये त्याच नावाचा टॅग पानाच्या मथळ्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि त्यातला मजकूर पानाच्या अंगात दाखवला जात नाही, त्यामुळे बातमीचे शीर्षकच नाहीसे होते. केएमएलमध्ये वर्णनाचा मजकूर पुष्कळदा ‘सीडेटा’ या विभागात गुंडाळलेला असतो. एक्सएमएलमध्ये या विभागाचा अर्थ ‘आतले काहीही टॅग समजू नये’ असा आहे, परंतु साध्या एचटीएमएल पानात ब्राउझर त्याला टिप्पणी समजतो आणि बंद होणारा पहिला कोनी कंस येईपर्यंतचा सगळा मजकूर लपवतो.

देवनागरी टॅगांच्या बाबतीत आणखी एक वेगळाच प्रकार घडतो. कोनी कंसानंतर रोमन अक्षर नसले, तर तो टॅगच नव्हे असे मानून ब्राउझर तो कंस मजकूर म्हणून छापतो. मात्र कंसानंतर तिरपी रेघ आली, म्हणजे टॅग बंद होण्याची खूण आली, आणि तिच्यापुढे रोमन अक्षर नसले, तर तो भाग टिप्पणी म्हणून लपवला जातो. याचा परिणाम असा, की वरचा नमुना पानात तसाच चिकटवला तर उघडणारे सगळे टॅग दिसतात आणि बंद होणारे सगळे नाहीसे होतात. नवख्या माणसाला फाईलच बिघडलेली आहे असे वाटते, वास्तविक फाईल पूर्ण नीट असते.

उपाय एकच आहे

टॅग ही सूचना नसून मजकूर आहे, हे ब्राउझरला सांगणे, एवढाच यावरचा खरा उपाय आहे. बाकीचे सगळे मार्ग याच उपायाची रूपे आहेत. त्यासाठी कोनी कंसाच्या जागी त्याचे सांकेतिक रूप लिहायचे असते. अँडचे चिन्ह, हॅशचे चिन्ह, त्या अक्षराचा ठरलेला क्रमांक आणि शेवटी अर्धविराम, अशी या रूपाची रचना आहे. उघडणाऱ्या कोनी कंसासाठी &#60; लिहितात, बंद होणाऱ्यासाठी &#62; आणि खुद्द अँडच्या चिन्हासाठी &#38; लिहितात. या क्रमांकातले अंक इंग्रजीच हवेत. देवनागरी अंक लिहिले तर ब्राउझर ते रूप ओळखत नाही.

बदल कोणत्या क्रमाने करायचा, याला फार महत्त्व आहे. सर्वांत आधी अँडचे चिन्ह बदलावे आणि त्यानंतरच कोनी कंस बदलावेत. उलट क्रमाने गेल्यास आधी तयार झालेल्या &#60; मधले अँडचे चिन्ह पुन्हा बदलले जाते, त्याचे &#38;#60; होते, आणि पानावर कंसाऐवजी ही सांकेतिक अक्षरेच उमटतात. पानावर जागोजागी &#60; असे दिसू लागले, तर बदल दोनदा झाला आहे हे ओळखावे.

अँडच्या चिन्हाचा त्रास आपल्याकडे अगदी रोजचा आहे. अडत दुकानांच्या, जिनिंगच्या आणि कृषी सेवा केंद्रांच्या नावांत ‘अमुक & सन्स’ किंवा ‘तमुक & कंपनी’ असे सर्रास लिहिलेले असते. एचटीएमएल अशा मोकळ्या चिन्हाला बहुधा सांभाळून घेते, पण एक्सएमएल घेत नाही. खातेवहीतल्या एका व्यापाऱ्याच्या नावातले चिन्ह सांकेतिक रूपात लिहिलेले नसेल, तर एक्सएमएल वाचणारी आज्ञावली त्या ठिकाणी थांबते आणि पुढची सगळी फाईल नाकारते. दोन्हींतला हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. एचटीएमएल माणसांनी वाकडेतिकडे लिहिलेले असले तरी पान दिसावे म्हणून क्षमाशील आहे, आणि एक्सएमएल हिशेब एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना चुकू नये म्हणून कठोर आहे.

हा बदल हाताने करत बसू नये. सर्व्हरवर पीएचपी ही संगणकभाषा असेल, तर त्यात ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’ नावाचे तयार फंक्शन आहे आणि ते सगळी चिन्हे योग्य क्रमाने बदलते. संकेतस्थळ बनवण्याच्या वर्डप्रेस या साधनात ‘कोड’ नावाचा ठोकळा वापरल्यास हेच काम आपोआप होते. ‘कस्टम एचटीएमएल’ ठोकळ्यात मात्र होत नाही. साध्या परिच्छेदात एक्सएमएल टाकण्याचे टाळावे, कारण तेथे वर्डप्रेस सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करून टाकते, आणि पानावरून तो मजकूर उचलून कोणी वापरला, तर गुणधर्माच्या मूल्याभोवती वळणदार चिन्हे असल्यामुळे ती फाईल वाचली जात नाही.

मजकूर जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संगणकभाषेने, पानात आणायचा असेल, तर तो ‘टेक्स्ट-कंटेंट’ या गुणधर्माला द्यावा, ‘इनर-एचटीएमएल’ला कधीही देऊ नये. पहिला प्रकार मजकुराला मजकूरच मानतो, त्यामुळे सांकेतिक रूपे लिहिण्याची गरजच उरत नाही. दुसरा प्रकार मजकुरातले टॅग अमलात आणतो. बाहेरून आलेल्या फाईलमध्ये कोणी चित्राच्या टॅगआड आज्ञा दडवून ठेवली असेल, तर ती आपल्या पानावर, आपल्या सभासदाच्या मोबाइलमध्ये, आपल्या संकेतस्थळाच्या अधिकाराने चालते. याचा अर्थ असा, की कच्चे एक्सएमएल नीट दाखवणे आणि संकेतस्थळ सुरक्षित ठेवणे ही दोन्ही कामे एकाच बदलाने साधतात.

ओळी आणि आत सरकवणे

टॅग दिसू लागले, तरी वाचता येण्यासाठी ओळी जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. त्यासाठी एचटीएमएलमध्ये ‘प्री’ हा टॅग आहे. त्याच्या आत मोकळ्या जागा आणि ओळींचे तुकडे जसेच्या तसे राखले जातात. काही जण आजही ‘एक्सएमपी’ नावाचा जुना टॅग सुचवतात. तो चालताना दिसतो, परंतु एचटीएमएलच्या नियमांत तो कालबाह्य ठरवलेला आहे, म्हणून नव्या पानात त्याचा वापर करू नये.

संगणकाने तयार केलेली फाईल पुष्कळदा एकाच लांबच लांब ओळीत असते. अशा वेळी प्रत्येक टॅग नव्या ओळीवर आणून तो किती टॅगांच्या आत आहे त्याप्रमाणे आत सरकवावा लागतो. हे काम करणारी साधने प्रत्येक संगणकभाषेत तयार मिळतात. मात्र एक्सएमएलमध्ये मोकळी जागा हीदेखील माहिती असते, हे कायम लक्षात असू द्यावे. नोंद आणि शेतमाल या दोन टॅगांच्या मधल्या मोकळ्या जागेने सहसा काही बिघडत नाही. पण ‘तूर’ या शब्दाच्या आधी नवी ओळ घातली, तर शेतमालाचे नाव ‘तूर’ न राहता ‘नवी ओळ आणि तूर’ असे होते. ज्या टॅगच्या आत फक्त मजकूर आहे, तो टॅग एकाच ओळीवर राहू द्यावा. जेथे मजकूर आणि टॅग एकमेकांत मिसळलेले आहेत, अशा परिच्छेदाला हात लावू नये.

म्हणून दाखवण्याची प्रत आणि मूळ फाईल या दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या फाईलच्या बाबतीत तर हे अटळ आहे. आधारची ऑफलाइन ई-केवायसी ही अशीच स्वाक्षरी असलेली एक्सएमएल फाईल असते. टॅगांच्या मध्ये घातलेली एक मोकळी जागाही मजकुरातला बदल ठरते आणि स्वाक्षरीची पडताळणी फसते. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना याच निमित्ताने एक कळकळीची विनंती आहे. या फाईलमध्ये नागरिकाचे नाव, पत्ता आणि छायाचित्र असते. ती कोणत्याही सार्वजनिक पानावर दाखवू नये आणि नीटनेटकी करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर तर मुळीच चढवू नये. गावातला माणूस ज्या विश्वासाने आपला मोबाइल आणि त्यावरचा ओटीपी आपल्या हाती देतो, त्या विश्वासाचा हा प्रश्न आहे.

वाचता येण्याने काय फरक पडतो, हे शेताच्या सीमेच्या केएमएल फाईलमध्ये चांगले कळते. तिच्यात सीमेवरच्या बिंदूंची यादी एका टॅगच्या आत सलग असते. प्रत्येक बिंदूसाठी आधी रेखांश, मग स्वल्पविराम, मग अक्षांश असा क्रम ठरलेला आहे. दोन बिंदूंच्या मध्ये मोकळी जागा असते, पण एका बिंदूच्या आत मोकळी जागा चालत नाही. त्यामुळे ही यादी मोडायची असेल, तर मोकळ्या जागेपाशी मोडावी, स्वल्पविरामापाशी कधीही मोडू नये.

<बिंदू>
  78.601,20.741
  78.604,20.741
  20.738,78.604
  78.601,20.738
</बिंदू>

वर्ध्याच्या परिसरातले रेखांश सुमारे ७८.६ आणि अक्षांश सुमारे २०.७ असतात. त्यामुळे वरच्या यादीत तिसऱ्या ओळीवर आकडे उलटे पडले आहेत, हे एका नजरेत दिसते. तो बिंदू तसाच राहिला, तर शेताचा एक कोपरा नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर जाऊन पडेल. हीच यादी एका ओळीत असती, तर ही चूक शोधायला डोळे फोडावे लागले असते.

मोबाइल, देवनागरी आणि अक्षरांचे घोळ

आपल्याकडे असे पान बहुधा मोबाइलवरच उघडले जाणार आहे. ‘प्री’मधली लांब ओळ पडद्याबाहेर जाते आणि तिच्यासोबत सगळे पान आडवे सरकू लागते. त्यासाठी फक्त तेवढा ठोकळा आडवा सरकेल अशी सोय पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये करावी, किंवा लांब ओळ खाली वळेल असे ‘प्री-रॅप’ वापरावे. बाजारभावासारख्या आखूड ओळींना पहिला मार्ग बरा, कारण त्यात ओळींची पायरी टिकते. लांब वर्णने असतील तेथे दुसरा मार्ग बरा.

‘प्री’मध्ये ब्राउझर सारख्या रुंदीच्या अक्षरांचा फॉन्ट वापरतो आणि तो बहुतेक ब्राउझरमध्ये नेहमीच्या १६ पिक्सेलऐवजी १३ पिक्सेलचा असतो. रोमन अक्षरे त्या आकारात वाचता येतात, पण देवनागरीच्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांत अडकतात. म्हणून अक्षरांचा आकार आणि ओळींमधले अंतर दोन्ही मुद्दाम वाढवावेत. देवनागरी अक्षरे या फॉन्टमध्येही सारख्या रुंदीची येत नाहीत, त्यामुळे ओळीच्या मध्यावर स्तंभ जुळवण्याच्या नादी लागू नये. डावीकडची पायरी तेवढी जुळते आणि वाचायला ती पुरते. टॅगांना एक रंग आणि माहितीला दुसरा रंग दिल्याने वाचणे सोपे जाते. प्रिझम किंवा हायलाइट-जेएस यांसारखी साधने ते करून देतात. रंग मात्र गडद निवडावेत, कारण फिके राखाडी टॅग मे महिन्याच्या उन्हात, शेताच्या बांधावर, मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाहीत.

मराठी मजकुराच्या जागी विचित्र रोमन अक्षरांची रांग दिसली, तर कारण दोनपैकी एक असते. फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याच्या त्या पद्धतीत, आहे आणि पानाने तसे जाहीर केलेले नाही, ही पहिली शक्यता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट्सची असते, आणि ब्राउझरने चुकीचा तर्क केला की त्या तिन्ही बाइट्सची तीन वेगवेगळी अक्षरे उमटतात. पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ असल्याचे लिहिले की हा प्रश्न सुटतो. दुसरी शक्यता अशी, की मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या चालीवर टंकलेला आहे. त्यात मुळात देवनागरी नसतेच. रोमन संकेतांना देवनागरी आकार दिलेले असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, पान बदलून काही होत नाही.

फाईल तपासण्यासाठी नेहमीच पान बनवण्याची गरज नसते. एक्सएमएल फाईल थेट क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये उघडली, तर तिच्यासोबत मांडणीची माहिती नाही, अशी सूचना वर येते आणि खाली टॅगांची उघडझाप करता येणारी उतरंड दिसते. फाईलमध्ये चूक असेल, तर ती कितव्या ओळीवर आहे हेही ब्राउझर सांगतो. एक्सएमएलची घोषणा करणारी ओळ असेल, तर ती फाईलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू झाली पाहिजे. तिच्या आधी एक रिकामी ओळ राहिली तरी चूक दाखवली जाते. सर्व्हरवरची फाईल दुसऱ्याला दाखवायची असेल, तर सर्व्हरने ती साधा मजकूर म्हणून पाठवावी, अशी व्यवस्था करता येते. मग कोणतेही सांकेतिक रूप न लिहिता ती जशीच्या तशी दिसते.

कच्चे एक्सएमएल तपासणाऱ्यासाठी असते. हिंगणघाटला कापूस न्यायचा की दोन दिवस थांबायचे, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला टॅग नकोत, त्याला तक्ता हवा. एक्सएमएलचा तक्ता ब्राउझरमध्येच करून देणारी एक्सएसएलटी ही भाषा १९९९ पासून आहे. मात्र २०२५ मध्ये क्रोमने ही सोय काढून टाकण्याचा मानस जाहीर केला आहे, त्यामुळे नवे काम तिच्यावर उभे करू नये. तक्ता सर्व्हरवर किंवा जावास्क्रिप्टने तयार करावा, त्याच्या खाली तपासणाऱ्यांसाठी कच्चे एक्सएमएल उघडमीट होणाऱ्या ठोकळ्यात ठेवावे, आणि त्या ठोकळ्याशेजारी मूळ, न बदललेली फाईल उतरवून घेण्याचा दुवा द्यावा, म्हणजे कोणी पानावरचा सजवलेला मजकूर उचलून आपल्या हिशेबात घालणार नाही.